व्यसन, मेंदू आणि बाईमाणूस

(संस्थेच्या व्याख्यानमालेत फलटण येथे दिलेले भाषण. सभेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शेवटी जोडली आहेत.)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘व्यसनमुक्ती’ एवढा एकच शब्द छापला आहे. विषय समुद्रासारखा आणि वेळ पाऊण तासाचा. त्यातून आम्ही काही डॉक्टर नव्हे. दिवसभर काउंटरच्या आत बसून लोकांच्या जमा-नावेच्या नोंदी करणारे, कला शाखेची पदवी घेतलेले कारकून आहोत. तेव्हा समुद्राचा नाद सोडून आम्ही त्यातली एक ओंजळ घ्यायचे ठरवले. व्यसनाने पुरुषाच्या मेंदूचे जे होते तेच बाईच्या मेंदूचे होते का, हा आजचा प्रश्न.

हा प्रश्न आम्हाला का पडावा? आपल्याकडे व्यसनावर भाषण म्हटले की चित्र ठरलेले असते. पिणारा नवरा, मार खाणारी बायको, उपाशी मुले. पथनाट्य असो, भिंतीवरचे चित्र असो वा शाळेतला निबंध असो, पिणारा हा पुरुषच असतो आणि बाई ही सोसणारी असते. हे चित्र खोटे नाही. बँकेत बसून आम्ही ते रोज पाहतो. मयत खातेदाराच्या रकमेसाठी वारस म्हणून जी बाई येते ती पुष्कळदा तिशी-पस्तिशीची असते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले नसते, पण फॉर्म भरता भरता बोलण्यात ‘लिव्हर’ हा शब्द येतोच. मात्र या चित्रात एक जागा रिकामी आहे. व्यसन जडलेली बाई त्यात कुठेच दिसत नाही. ती नाही म्हणून दिसत नाही, की आपण पाहत नाही म्हणून दिसत नाही?

आधी मेंदूकडे वळू. विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे, पुढचे सगळे यावरच उभे आहे. भूक लागल्यावर भाकरी मिळाली, तहान लागल्यावर पाणी मिळाले, परीक्षेचा निकाल चांगला लागला की मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचे रसायन पाझरते. ‘हे चांगले झाले, हे पुन्हा कर’ असा शिक्का ते मारते. काम झाले की हे रसायन ज्या पेशीतून आले त्याच पेशीत परत ओढले जाते. कोकेन काय करते, तर ही परत ओढून घेणारी वाट बुजवते. रसायन बाहेरच साचते, शिक्क्यावर शिक्का बसत राहतो आणि भाकरीला कधी मिळाला नसेल एवढा मान त्या पावडरीला मिळतो. दारू, गांजा, तंबाखू, अफू यांच्या वाटा वेगवेगळ्या, पण सगळ्या फिरून या डोपामिनच्याच दारात येतात. मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, ‘थांब, विचार कर’ सांगणारा कारभारी बसलेला असतो. शिक्के वाढत गेले की त्या कारभाऱ्याचे कोणी ऐकत नाही. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे मोजले आहेत. पैशाचा नाश, भांडण, रोग वगैरे सांगून झाल्यावर शेवटचा तोटा सांगितला आहे तो प्रज्ञा दुबळी होण्याचा. त्या काळी मेंदूची छायाचित्रे निघत नव्हती, तरी नेमके बोट तिथेच ठेवले आहे.

कोकेन म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, हे सिनेमातल्या श्रीमंतांचे खूळ, फलटणला त्याचे काय? खरे आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने २०१८ मध्ये देशभर पाहणी केली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत १० ते ७५ वयोगटात कोकेन घेणारे हजारात एक एवढेच निघाले. दारू पिणारे मात्र शंभरात साडेचौदा. तरीही कोकेन आपल्याला अगदीच परके नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई, कलकत्ता, दिल्ली या शहरांत ते चक्क विड्याच्या पानातून खाल्ले जाई. जर्मनीत बनलेला आणि पुढे जपानमधून येणारा माल बंदरातून चोरून उतरवला जाई आणि चिमूटभर पावडर पानात घालून विकली जाई. पानातला चुना त्याचा अंमल लवकर चढवतो. दक्षिण अमेरिकेतले डोंगरी लोक कोकाची पाने चघळताना चुन्यासारखाच क्षार तोंडात धरतात, आणि आपला माणूस तळहातावर तंबाखू मळताना चुना लावतो. दोन खंडांतल्या माणसांना ही युक्ती कोणी शिकवली असेल? नशेच्या बाबतीत माणूस फार हुशार असतो.

कोकेनवर आम्ही थांबलो याचे कारण दुसरे आहे. मेंदूच्या रचनेत बाई आणि पुरुष यांच्यात व्यसनाने काय फरक पडतो, यावर डोळ्यांत भरेल असे काम कोकेन आणि त्याच्या जातीच्या उत्तेजक पदार्थांवर झालेले आहे.

मेंदूचा जो भाग विचार, भावना, स्मरण ही कामे करतो त्यात पेशींची दाटी असते. त्याला करडे द्रव्य म्हणतात. एमआरआय यंत्राने डोके न उघडता त्याचे माप घेता येते. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये कोकेनच्या आहारी गेलेले साठ आणि निरोगी साठ अशा लोकांची मापे घेतली. वयानुसार प्रत्येकाचेच करडे द्रव्य थोडे थोडे घटते. निरोगी माणसात ते वर्षाला सुमारे १.६९ मिलिलिटर घटत होते, तर कोकेन घेणाऱ्यात ३.०८ मिलिलिटर. म्हणजे व्यसनी माणसाचा मेंदू जवळजवळ दुप्पट वेगाने म्हातारा होत होता. पासबुकाच्या भाषेत सांगायचे तर व्याज तेच आणि कपात दुप्पट.

पण अशा अभ्यासांत बहुतेक पुरुषच असत. बायकांचे काय? अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जोडी तानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी कोकेन, अॅम्फेटामिन वगैरे उत्तेजक पदार्थांवर सरासरी पंधरा-सोळा वर्षे अवलंबून असलेले ५९ लोक घेतले. त्यात २८ स्त्रिया आणि ३१ पुरुष होते. तुलनेला ६८ निरोगी लोक घेतले. व्यसनी गटातले सगळे व्यसन सोडून सरासरी तेरा-साडेतेरा महिने झालेले होते. माप घेतल्यावर दिसले ते असे. व्यसन सोडलेल्या पुरुषांच्या आणि निरोगी पुरुषांच्या करड्या द्रव्यात लक्षात घ्यावा असा फरक सापडला नाही. व्यसन सोडलेल्या स्त्रियांत मात्र मेंदूच्या पुढच्या भागात, भावनांच्या भागात, स्मरणाच्या भागात, ठिकठिकाणी ते कमी होते. ज्या स्त्रीचे व्यसन अधिक तीव्र होते, जिचा स्वभाव उतावळा होता, तिची घट अधिक होती. पुरुषांत असा संबंध दिसला नाही.

हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. वर्षभर पदार्थाला हात न लावलेल्या बाईच्या मेंदूत त्याची खूण अजून शिल्लक, आणि तिच्या शेजारच्या खाटेवरच्या पुरुषाची पाटी जवळजवळ कोरी. संस्थेचे कार्यकर्ते म्हणून आपण दोघांनाही एकच सल्ला देतो, एकाच मुदतीत बरे व्हायला सांगतो, आणि बाई घसरली की म्हणतो, ‘हिला काही लाज?’

आता दोन ठिकाणी जपून पाऊल टाकायला हवे. एक तर अठ्ठावीस बायकांवरून जगातल्या सगळ्या बायकांविषयी निकाल देता येत नाही. दुसरे असे की आधी काय आणि नंतर काय, हे एका छायाचित्रावरून कळत नाही. व्यसनाने मेंदू आकसला, की आधीच तसा मेंदू असलेल्या माणसाला व्यसन लवकर जडले? केंब्रिजच्याच गटाने २०१२ मध्ये पन्नास भावंडांच्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एक व्यसनी, एक निर्व्यसनी. आत्मसंयमाशी संबंधित भागातली काही वैगुण्ये दोघांतही सारखीच होती. एकाच आईची दोन लेकरे, एकाच घडणीचे मेंदू, आणि तरी एक व्यसनात गेले, दुसरे वाचले. म्हणून मेंदूची घडण म्हणजे कपाळावरची रेघ असे कोणी समजू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आमच्या कानावर हा विनोद नेहमी येतो. पुरुषाचा मेंदू सरासरीने बाईच्या मेंदूपेक्षा आकाराने मोठा असतो. शरीरही मोठे असते. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. संशोधकही मापे घेताना डोक्याच्या आकाराचा हिशेब आधी वजा करतात. तेव्हा मेंदूतल्या फरकाची चर्चा ऐकून कोणी घरी जाऊन बायकोला टोमणे मारणार असेल तर त्याने अर्धेच भाषण ऐकले असे आम्ही म्हणू.

हा फरक येतो कुठून? एक कारण शरीरातले. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने डोपामिनचा पाझर वाढतो, हे मादी उंदरांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. स्त्रियांतही मासिक चक्राच्या पहिल्या पंधरवड्यात कोकेनचा अंमल अधिक जाणवतो आणि प्रोजेस्टेरॉन वाढले की तो मंदावतो. उपचारासाठी आलेल्या स्त्रियांचा इतिहास विचारला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. पहिल्या चवीपासून पुरते अडकण्यापर्यंतचा रस्ता पुरुष जितक्या वर्षांत कापतो, त्यापेक्षा बाई कमी वर्षांत कापते. ती सुरुवात उशिरा करते आणि तळाला लवकर पोचते. दारूच्या बाबतीत आणखी साधे कारण आहे. बाईच्या अंगात पाण्याचे प्रमाण कमी असते, आणि जठरात दारू मोडणारे विकरही कमी असते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या पुरुषाने आणि बाईने तेवढीच दारू घेतली तरी बाईच्या रक्तात ती जास्त उतरते.

दुसरे कारण मनातले, आणि आम्हाला ते अधिक मोलाचे वाटते. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोकेनच्या आहारी गेलेल्या स्त्री-पुरुषांना यंत्रात झोपवून त्यांच्याच आयुष्यातले प्रसंग ध्वनिमुद्रित करून ऐकवले. काही प्रसंग ताणाचे, म्हणजे भांडणाचे, अपमानाचे. काही प्रसंग नशेच्या आठवणीचे. पुरुषांच्या मेंदूतले ओढीचे जाळे नशेच्या आठवणीने पेटले. स्त्रियांचे पेटले ते ताणाच्या प्रसंगाने. याचा अर्थ सोपा आहे. पुरुषाला गुत्त्याचा रस्ता चुकवायला सांगितले तर निम्मे काम होते. बाईला कोणता रस्ता चुकवायला सांगणार? तिचा ताण घरातच असतो, चुलीपाशी असतो, आणि बरी होऊन तिला परत तिथेच जायचे असते.

इतकी वर्षे हे कळले का नाही, याचेही उत्तर आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूचना काढली की मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे. हेतू चांगला होता, गर्भाला अपाय होऊ नये असा. पण परिणाम असा झाला की पुरुषाच्या शरीरावर मोजलेले बाईला लावायची सवय पडली. १९९३ मध्ये कायदा करून सरकारी पैशाच्या संशोधनात स्त्रियांचा समावेश सक्तीचा करावा लागला. प्रगत म्हणवणाऱ्या देशाची ही गत. जनगणनेत नोंद नसलेल्या वस्तीला रस्ता मिळत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरात या. एम्सच्या त्याच पाहणीत दारू पिणारे पुरुष शंभरात २७.३ आणि स्त्रिया १.६ निघाल्या. हे आकडे पाहून आपण निश्चिंत होतो. पण तंबाखूचा आकडा पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया शंभरात दीडसुद्धा भरल्या नाहीत, पण धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या १६.६ होत्या. सहा बायकांत एक. ती तंबाखू कोणत्या रूपात घेतली जाते, हे या सभागृहातल्या आयाबायांना आम्ही सांगायला नको. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि तर्जनीने हिरड्यांना लावायची. सकाळी उठल्यावर एकदा, जेवणानंतर एकदा, शेतात खुरपताना एकदा, असे करता करता दिवसाला आठ-दहा वेळा.

मिश्रीला आपण व्यसन म्हणतच नाही. तिला ‘दात घासणे’ म्हणतो. दाढ दुखते म्हणून सासूने लावायला दिली, पोट साफ होते म्हणून आईने दिली. पुरुषाने बाटली आणली तर घरात भांडण होते, पण बाईने मिश्री भाजली तर शेजारीण वाटी घेऊन येते. बचत गटाच्या बैठकीत घरखर्च लिहायला सांगितला की बाया मीठ-मिरचीपर्यंत सगळे लिहितात. मिश्रीच्या पुड्याचा खर्च लिहिलेला आम्ही एकदाही पाहिला नाही. जो खर्च वहीत येत नाही तो कमी करता येत नाही, एवढे आमच्या नोकरीने आम्हाला शिकवले आहे.

कोकेनच्या मेंदूवरचे निष्कर्ष जसेच्या तसे मिश्रीवर चिकटवावेत असे आम्ही म्हणत नाही. निकोटिनचा मार वेगळा आहे. पण दार तेच, डोपामिनचे, आणि बाईच्या शरीराचा वेगळेपणा इथेही आडवा येतोच. स्त्रियांचे यकृत निकोटिनचा निचरा सरासरीने पुरुषांपेक्षा लवकर करते, आणि गरोदरपणात हा वेग आणखी वाढतो. म्हणजे रक्तातले निकोटिन लवकर ओसरते आणि तलफ लवकर येते. पोटुशी सून पूर्वीपेक्षा जास्त वेळा डबी उघडते, याचे कारण डोहाळ्यात नाही, या हिशेबात आहे. आणि त्याची किंमत कोण भरते? मुंबईत बाराशेवर गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तंबाखू तोंडात धरणाऱ्या स्त्रियांची, ज्यांत मिश्री लावणाऱ्याच अधिक होत्या, बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढला. १०५ ग्रॅम म्हणजे तराजूत दोन मुठी शेंगदाणे. अडीच किलोच्या बाळाला ते फार असतात.

उपचाराकडे वळतो. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. गर्द या विषाने पुण्या-मुंबईची तरुण मुले खाल्ली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचे बळ दिले आणि येरवड्याला काम उभे राहिले. अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे. या केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट सुरू झाला, ही मोठी गोष्ट. पण व्यसनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग, निशिगंध, सुरू व्हायला २००९ साल उजाडले. तेवीस वर्षे. हा दोष आम्ही मुक्तांगणाला देत नाही. उलट ज्यांनी सुरू केला त्यांचे कौतुक करतो. तोवर बाईला घेऊन यायलाच कोणी तयार नव्हते, हा त्याचा अर्थ आहे. मुलगा पिऊ लागला तर बाप पतपेढीतून कर्ज काढून त्याला दाखल करतो. अशी कर्जे आम्ही पाहिली आहेत. मुलगी किंवा सून झोपेच्या गोळ्यांत, दारूत अडकली तर दार लावून घेतात.

आपल्या सातारा जिल्ह्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या प्रेरणेने उभे राहिलेले परिवर्तन केंद्र आहे. फलटण तालुक्यात पिंप्रदला बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ आहे. त्यांचा मार्ग वारकरी, आपला वेगळा. पण तरुण पोरांना व्यसनापासून ओढून काढण्याचे काम कोणत्याही मार्गाने झाले तरी त्याला आम्ही नमस्कार करतो. मात्र ‘युवक’ या शब्दात युवती किती येतात, हा प्रश्न त्यांनी आणि आपणही विचारायला हवा. आपल्या संस्थेचे व्यसनमुक्ती शिबिर भरते तेव्हाही नावनोंदणीच्या वहीत पहिला रकाना ‘रुग्णाचे नाव’ आणि दुसरा ‘पत्नीचे नाव’ असाच असतो. तो दुसरा रकाना ‘सोबत आलेली व्यक्ती’ असा छापून घ्यावा, एवढी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवली आहे. शिबिराचा एक दुपारचा तास फक्त बायकांचा असावा, आणि त्यात पुरुष कार्यकर्ता नसावा, आम्हीसुद्धा नसावे, ही दुसरी. आशाताईंनी गरोदर स्त्रीला लोहाच्या गोळ्या देताना मिश्रीचे विचारावे, आणि ‘तंबाखू खाता का’ असे न विचारता ‘दात कशाने घासता’ असे विचारावे. तंबाखू खाता का म्हटल्यावर उत्तर नाही असेच येते, आणि ते खोटे असते असेही नाही, कारण तिच्या लेखी ती तंबाखू नसतेच.

भाषणानंतर काही प्रश्न आले. त्यातले दोन इथे देतो.

एका विद्यार्थिनीने विचारले, आकसलेला मेंदू पुन्हा भरून येतो का? दारू सोडलेल्यांत काही महिन्यांतच मेंदूचे आकारमान बऱ्यापैकी सुधारते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उत्तेजक पदार्थ सोडलेल्यांत डोपामिन परत ओढणारी वाट वर्षभरात बरीच दुरुस्त होते, असेही दिसले आहे. कोलोरॅडोतल्या स्त्रियांत मात्र वर्षभरानंतरही घट शिल्लक होती. म्हणून आमचे उत्तर असे की बाईला मुदत जास्त द्या. तीन महिन्यांत सुधारली नाही म्हणून माहेरी पाठवू नका. वर्ष द्या, दोन वर्षे द्या, आणि त्या काळात घरातला ताण कमी करा. येलच्या प्रयोगाकडे पाहिले तर ताण कमी करणे हेही तिच्या औषधातच धरायला हवे.

मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, ‘मिश्री सोडली की डोकं धरतंय, मळमळतंय, मग काय करायचं?’ सभागृहात हशा पिकला. पण प्रश्न सगळ्यांत चांगला होता. आजी, पहिले तीन दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके धरते. पुढे ते उतरत जाते आणि दोन ते चार आठवड्यांत बरेचसे थांबते. तलफ आली की ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग तोंडात धरा, पाणी प्या, हाताला काम द्या. घरात तंबाखू भाजणे आधी बंद करा, कारण त्या वासानेच मेंदूतला जुना शिक्का जागा होतो. खिडकीतली डबी उचलून टाका, सुनेच्या खिडकीतलीही. फारच त्रास झाला तर सरकारी दवाखान्यात दाखवा, निकोटिनची च्युइंगम डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ हा सरकारी फुकट दूरध्वनी आहे. दोन्ही क्रमांक आम्ही सभागृहाच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवले आहेत. आजींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नातीने ते हातावर लिहून घेतले.